नऊ लाखांत जर्मन डिझेल : घेऊ का दादा?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा एसटीत बसल्यावर लक्षात आलं की हेडफोन घरीच राहिला, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना दोन ठिकाणी आकड्यांत गडबड झाली होती, ती इथे दुरुस्त केली आहे. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका व्हॉइस मेसेजपासून. मंगरूळपीर तालुक्यातल्या एका श्रोत्याचा. वय चोवीस, शेलूबाजारला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. त्याच्याच शब्दांत सांगतो: "दादा, एक गाडी पाह्यली. दोन हजार सोळाची, जर्मन, दोन लिटर डिझेल, ऑटोमॅटिक, सनरूफ. दिल्ली पासिंग हाय. अठ्ठ्याहत्तर हजार चालली. तो नऊ लाख म्हणते, साडेआठले देईन. गाडी लय साफ हाय. घेऊ का?"

एवढ्यावर मी हसून "नको रे बाबा" असा रिप्लाय टाकला असता. पण दोन मिनिटांनी दुसरा मेसेज आला. "साडेचार माह्याजवळ हाय. बाकीचे बाबा देतो म्हणतात. ट्रॅक्टरचं पुढच्या वर्षी पाहू म्हणतात."

मग फोन बाजूला ठेवता येईना. सोयाबीनचा भाव हमीभावाला टेकत नाही अशा वर्षी एक बाप पोरासाठी ट्रॅक्टर पुढे ढकलतोय. उत्तर नीट द्यायला पाहिजे, म्हणून हा अख्खा भाग याच प्रश्नावर. गाडीच्या कंपनीचं नाव मी घेत नाहीये. या वर्गातल्या जवळपास सगळ्या गाड्यांना हेच गणित लागू होतं.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. छोट्या गावातल्या माणसाने मोठ्या गाडीचं स्वप्न बघू नये, असलं काही मी बोलणार नाही. ऑक्टोबर २०१० आठवतो का? आपल्यातले बरेच जण तेव्हा शाळेत होते. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या लोकांनी एकत्र येऊन एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. सुमारे ६५ कोटींचा व्यवहार. देशभर बातमी झाली, कारण कुणाला वाटलं नव्हतं की मुंबई-दिल्लीबाहेर असं होईल. हौस सगळीकडे असते. पण त्या गाड्या कोऱ्या होत्या, वॉरंटीत होत्या, आणि दीडशे जणांनी मिळून भाव केला होता. आपला दोस्त एकटा आहे, गाडी दहा वर्षांची आहे आणि वॉरंटी संपून जमाना झाला.

आता ही गाडी इतकी स्वस्त का, ते बघू. नवीन असताना तिची ऑन-रोड किंमत चाळीस लाखांच्या पुढे-मागे असणार. मग नऊ लाखांत कशी?

पहिलं कारण सरळ आहे. महागड्या गाड्यांचा भाव पहिल्या पाच वर्षांतच निम्म्याच्या खाली येतो. ज्याला परवडते तो नवीन घेतो, ज्याला परवडत नाही तो मेन्टेनन्सला घाबरतो. मधला गिऱ्हाईक कमी. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. मोठ्या गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि वर सेस मिळून पन्नास टक्क्यांपर्यंत कर जायचा, तो ४० टक्क्यांवर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या की जुन्यांचा भाव आपोआप खाली येतो. त्यामुळे कुणी तुम्हाला "मागच्या वर्षी हीच अकराला गेली" असं सांगत असेल, तर तो मागच्या वर्षीचा भाव सांगतोय.

दुसरं कारण दिल्ली. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये सांगितलं की दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालणार नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच कायम ठेवलं. १ जुलै २०२५ पासून तर तिथे अशा गाड्यांना पंपावर तेलच द्यायचं नाही असं ठरलं होतं; ओरड झाली आणि काही दिवसांतच ते थांबवलं. मग १२ ऑगस्ट २०२५ ला कोर्टाने कारवाई करू नका म्हटलं, आणि १७ डिसेंबरला ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं. २०१६ ची ही गाडी बीएस-४ असणार, म्हणजे तूर्तास ती वाचली. पण दिल्लीतला मालक दर सहा महिन्यांनी नवा आदेश वाचून कंटाळलेला आहे. त्याला गाडी काढायची आहे, मग ती एजंटच्या साखळीतून इंदूर, नागपूर करत आपल्याकडे येते. आपल्याकडे दहा वर्षांची ती अट नाही. खासगी गाडीचं आरसी पंधरा वर्षं चालतं, पुढे फिटनेस करून पाच-पाच वर्षं वाढवता येतं.

म्हणजे दिल्लीची गाडी स्वस्त असण्याला एक प्रामाणिक कारण आहे. आणि त्याच कारणाआड बाकीची कारणं मस्त लपतात.

आता मुद्द्याचं बोलतो. चाळीस लाखांची गाडी दहा वर्षांनी नऊ लाखांची होते. तिचे पार्ट मात्र चाळीस लाखांच्या गाडीचेच राहतात. टर्बो, इंजेक्टर, गिअरबॉक्स, सस्पेन्शन यांना तुमच्या गाडीचं वय कळत नाही. वर्षागणिक त्यांच्या किमती वाढतातच. त्यामुळे नऊ लाखांची जर्मन गाडी आणि नऊ लाखांची नवी मारुती यांच्या फक्त किमती सारख्या आहेत. पुढच्या पाच वर्षांत दोघींना लागणारा पैसा एकमेकांच्या जवळपासही नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझा मावसभाऊ रिसोडचा. त्याने २०२२ मध्ये सात लाखांत अशीच एक सेडान घेतली. पहिले सहा महिने तर काय सांगू, नातेवाइकांच्या प्रत्येक लग्नात नवरदेवाची गाडी तीच. काचेवर झेंडूच्या माळा, मागे नवरा-नवरीची नावं. मीही चालवली. खोटं कशाला बोलू, ताशी शंभरच्या वेगाला जी शांतता असते ना आत, ती अनुभवली की आपली घरची गाडी पत्र्याचा डबा वाटायला लागते.

पुढे ती दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना झटका द्यायला लागली. भाऊ म्हणाला, थंडीमुळे असेल. मार्च महिन्यात. एक दिवस नागपूरहून येताना समृद्धीवर, कारंजाच्या अलीकडे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढे जाईना. याला लिम्प मोड म्हणतात. गाडीचा कॉम्प्युटर स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी करून टाकतो. तिथून फ्लॅटबेडवर पुन्हा नागपूर. अधिकृत वर्कशॉपने गिअरबॉक्सच्या मेकॅट्रॉनिक युनिटचं, म्हणजे ज्यात व्हॉल्व्ह आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र असतं त्या भागाचं, २ लाख ४० हजारांचं कोटेशन दिलं. मग पुण्याचा एक बाहेरचा मेकॅनिक शोधला, त्याने रिपेअर केलेलं युनिट १ लाख ३० हजारांत बसवून दिलं. मधले पाच महिने गाडी घरच्या शेडमध्ये, बाजूला सोयाबीनच्या कट्ट्यांची थप्पी. मावशी रोज त्यावरची धूळ पुसायची.

शेवटी त्याने ती सव्वाचार लाखांना विकली. मी बसून हिशेब केला. सात लाख खरेदी, एक लाख तीस हजार गिअरबॉक्स, सत्तर हजार चार टायर, पस्तीस हजार इन्शुरन्स. एकूण नऊ लाख पस्तीस. त्यातून सव्वाचार परत आले. गेले पाच लाख दहा हजार, चौदा महिन्यांत. महिन्याला छत्तीस हजारांच्या वर, आणि यात डिझेल धरलेलंच नाही. गाडी चालली होती सोळा हजार किलोमीटर, म्हणजे किलोमीटरमागे बत्तीस रुपये. या भावात तो प्रत्येक वेळी भाड्याची गाडी करून ड्रायव्हरला जेवण घालून आला असता.

गंमत म्हणजे मूळ चूक काय होती? गिअरबॉक्सचं ऑइल कधीच बदललेलं नव्हतं. बऱ्याच कार कंपन्या सांगतात की हे ऑइल आयुष्यभराचं आहे. कुणाच्या आयुष्यभराचं, ते सांगत नाहीत. झेडएफ ही जर्मन कंपनी बीएमडब्ल्यूसह अनेकांना आठ गिअरचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. ती स्वतः म्हणते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदला. स्कोडा-फोक्सवॅगनच्या सहा गिअरच्या ओल्या क्लचवाल्या डीएसजीला ते दर ६० हजारांनी लागतं. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन ऑइलचं सगळेच विचारतात. तुम्ही गिअरबॉक्सच्या ऑइलचं बिल मागा. समोरच्याचा चेहरा बघा.

इंजिनांचंही तसंच. प्रत्येकाची आपापली दुखणी असतात आणि ती जगजाहीर आहेत. बीएमडब्ल्यूचं एन-४७ नावाचं जुनं दोन लिटर डिझेल टायमिंग चेनसाठी बदनाम आहे. ती चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. म्हणजे चेन स्वस्त, तिथपर्यंत पोचणं महाग. नंतर आलेलं बी-४७ त्या बाबतीत बरं. फोक्सवॅगन ग्रुपचं ईए-१८९ म्हणजे २०१५ च्या उत्सर्जन घोटाळ्यातलं इंजिन. भारतातही त्या वर्षी फोक्सवॅगन, ऑडी, स्कोडा मिळून ३ लाख २३ हजारांवर गाड्या सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी परत बोलावायचं जाहीर झालं होतं. (सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, टेस्ट चालू आहे हे ओळखून वेगळं वागणारा कोड लिहिणाऱ्याची बुद्धी वाईट ठिकाणी खर्च झाली.) सांगायचा मुद्दा, "जर्मन आहे, मजबूत असते" असं ढोबळ बोलू नका. इंजिनचा कोड विचारा आणि त्या कोडचं दुखणं शोधा. यूट्यूबवर तासाभरात कळतं.

आता डिझेल. आपल्या दोस्ताचं दुसरं म्हणणं होतं की डिझेल परवडते. बघू या. डिझेल नव्वदीच्या आसपास धरू, पेट्रोल शंभरीच्या वर. समजा वर्षाला बारा हजार किलोमीटर. ही गाडी लिटरला पंधरा देते म्हटलं तर ८०० लिटर, ९१ च्या भावाने ७२ हजार ८००. साधी पेट्रोल हॅचबॅक सोळा देते धरली तर ७५० लिटर, १०५ च्या भावाने ७८ हजार ७५०. फरक वर्षाला सहा हजार सुद्धा नाही. या गाडीचा एक टायर अठरा-वीस हजारांना येतो. म्हणजे तीन वर्षांची डिझेलची बचत एका टायरमध्ये संपली. डिझेलचं गणित वर्षाला तीस-पस्तीस हजार किलोमीटर फिरणाऱ्यासाठी आहे.

काही जण ई-२० मुळे डिझेलकडे वळतायत, हे मलाही दिसतंय. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, जुन्या पेट्रोल गाडीच्या रबराचं काय होईल ही भीती आहे, आणि डिझेलला ती भानगड नाही. खरं आहे. पण इथेनॉलला घाबरून दहा वर्षं जुनं कॉमन रेल डिझेल घेणं म्हणजे डास चावतात म्हणून मधमाश्यांच्या पोळ्याखाली झोपायला जाणं.

डिझेलची स्वतःची एक भानगड आहे, ती म्हणजे डीपीएफ. डिझेल जळताना काजळी होते. ती पकडायला सायलेन्सरच्या वाटेत एक जाळीदार फिल्टर असतो. तो भरला की गाडी स्वतःच थोडं जास्त डिझेल टाकून त्याचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. याला रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग, एका लयीत गाडी चालावी लागते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत हा प्रकार असतोच. बीएस-४ मधल्या महागड्या गाड्यांपैकी काहींत होता, काहींत नव्हता, त्यामुळे चॅसिस नंबरवरून खात्री करायची.

आपला दोस्त रोज गावावरून दुकानात जाणार, बारा किलोमीटर. मधे बैलगाडी, मधे शाळेची पोरं, मधे खड्डे. इंजिन नीट तापेपर्यंत दुकान आलं. रीजनरेशन सुरू होतं आणि अर्ध्यात गाडी बंद होते. असं रोज झालं की फिल्टर चोंदतो, आणि न जळालेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघितलं तर ऑइल वाढलेलं दिसतं. लोक खूश होतात, "बघा, थेंबभर ऑइल खात नाही." अरे, त्यात डिझेल मिसळलंय!

यावर उपाय आपल्याकडे आहे, तो म्हणजे समृद्धी. शेलूबाजारला चढायचं, कारंजाला उतरून परत यायचं, आठवड्यातून एकदा. फिल्टरला तेवढं पुरतं. हे लिहितानाच वाटतंय की फिल्टर साफ करायला दर रविवारी टोल भरून कारंजाला जाणारा माणूस गावात चर्चेचा विषय होईल.

बीएस-६ च्या अनेक गाड्यांना डिझेल एक्झॉस्ट फ्लुइडही लागतं, ज्याला आपण अॅडब्लू म्हणतो. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. हे ऐकून एकाने मला विचारलं होतं, "आपल्या घरच्या कट्ट्यातला चालंल का?" नाही चालणार, राजेहो. शेतीचा युरिया २०१५ पासून सगळा निंबोळी तेल लावलेला येतो. तो त्या टाकीत गेला की इंजेक्टरसकट सगळी सिस्टीम बसते.

काही मेकॅनिक डीपीएफ आतून पोकळ करून देतात आणि सॉफ्टवेअरमध्ये सेन्सर बंद करतात. असली गाडी ओळखायची सोपी ट्रिक सांगतो. थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात आतून पांढरा रुमाल फिरवा. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीत रुमाल जवळपास स्वच्छ राहतो. काळाकुट्ट निघाला तर प्रश्न विचारायला सुरुवात करा.

आणि आता वाशिमचं स्वतःचं गणित. एमएच-३७ मध्ये मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडीचं वर्कशॉप नाही. नागपूर नाही तर संभाजीनगर, दोन्हीकडे दोनशे-अडीचशे किलोमीटर. पुसद नाक्यावरचा तुमचा नेहमीचा मेकॅनिक हुशार आहे, मला शंका नाही, पण त्याच्याकडे त्या कंपनीचं डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर नसेल तर तो अंदाजाने पार्ट बदलणार, आणि प्रत्येक अंदाजाचे पैसे तुम्ही देणार. साधी बॅटरी बदलली तरी यातल्या अनेक गाड्यांत कॉम्प्युटरला सांगावं लागतं की बॅटरी नवीन आहे. पुण्यात सर्व्हिसला गाडी टाकून माणूस रिक्षाने ऑफिसला जातो. इथे सर्व्हिस म्हणजे एक दिवस दुकान बंद. ही किंमत कुणी लिस्टिंगमध्ये लिहीत नाही.

टायरचंही तसंच. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे. उन्हाळ्यात काँक्रीट तापलेलं असतं आणि टायर फुटून झालेले अपघात आपण सगळ्यांनी वाचलेत. आरटीओने तिथे टायर तपासून गाड्या परत पाठवल्याही आहेत. जुन्या मोठ्या गाडीचे टायर बाहेरून नक्षीदार दिसतात, कारण गाडी चाललीच नाही, पण रबर कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. "२३१८" म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांवरचा टायर दिसला की चार टायरचे पैसे भावातून कमी करा. रन-फ्लॅट टायर असतील तर अनेकदा स्टेपनीच नसते. हवा गेल्यावर साधारण ८० किलोमीटर, ८० च्या आतल्या वेगाने जाता येतं. मालेगाव ते वाशिम जमेल. पण त्या मापाचा टायर वाशिममध्ये त्या दिवशी मिळेल का, ते आधी दुकानात विचारून ठेवा.

आता माझ्या आवडीचा भाग. तुमच्या खिशातल्या स्मार्टफोनने काय काय तपासता येतं?

बाराशे-पंधराशेला ब्लूटूथचा ओबीडी डोंगल मिळतो. स्टीअरिंगच्या खाली डाव्या-उजव्या बाजूला सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात लावायचा. अॅप उघडलं की गाडीने साठवलेले फॉल्ट कोड दिसतात. पी-२००२ म्हणजे डीपीएफ नीट काम करत नाही, पी-०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी, पी-०२९९ म्हणजे टर्बो पुरेसा दाब देत नाही. पण हुशार विक्रेता तुम्ही येण्याआधी कोड पुसतो. मी २०२३ मध्ये पुण्यात स्वतःसाठी एक गाडी बघायला गेलो होतो. एकही कोड नाही, गाडी एकदम शहाणी. मग मी दुसरं पान उघडलं, "कोड पुसल्यापासूनचं अंतर". अकरा किलोमीटर. आणि ज्या आतल्या स्व-चाचण्या गाडी चालता चालता पूर्ण करते, त्या सगळ्या अपूर्ण. म्हणजे त्याच सकाळी कुणीतरी मेमरी साफ केली होती. आम्ही ऑफिसमध्ये म्हणतो, सर्व्हरचा लॉग पूर्ण रिकामा असेल तर सगळ्यात आधी तोच वाचा. मी चहा घेतला आणि निघालो.

मीटर मागे फिरवणं हा दुसरा खेळ. डिजिटल मीटर आहे म्हणून फिरत नाही असं समजू नका, उलट लॅपटॉपवर दहा मिनिटांचं काम आहे. पण या गाड्या किलोमीटरचा आकडा एकाहून जास्त कॉम्प्युटरांत लिहून ठेवतात, कधी चावीत सुद्धा. नीट स्कॅनरने ते ताडून बघता येतात. आणि सगळ्यात पक्का पुरावा अधिकृत वर्कशॉपची सर्व्हिस हिस्ट्री. मालकाने मागितली की मिळते. ती द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी पुढे भाव करण्यात अर्थ नाही.

पाण्यात बुडालेल्या गाड्या हा तिसरा धोका. चेन्नई २०१५, सांगली-कोल्हापूर २०१९, पुन्हा चेन्नई २०२३, प्रत्येक मोठ्या पुरानंतर हजारो गाड्या इन्शुरन्समधून लिलावात जातात आणि स्वच्छ धुऊन दुसऱ्या राज्यात उगवतात. सीट बेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढून बघा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ धुवायचं लोक विसरतात. सीटच्या खालच्या रुळांवर गंज, डिकीत स्टेपनीच्या खोबणीत माती, आणि एसी लावल्यावर कोंदट वास आणि त्यावर भरमसाट परफ्यूम, एवढं जमलं की तिथून निघा.

कागदांचं थोडक्यात, पण लक्ष देऊन वाचा. एमपरिवहन अॅपवर नंबर टाका: मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, इन्शुरन्स कधी संपतो. दिल्लीची चलनं वेगळी तपासा. दुसऱ्या राज्यातली गाडी आपल्याकडे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ४७. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागतो. नाव बदलायला २९ आणि ३०. कर्ज होतं तर बँकेचा फॉर्म ३५. महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. वीस लाखांवरच्या नव्या डिझेल गाडीला इथे १५ टक्के दर आहे, जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो. तरी रक्कम लागायची ती लागतेच. एजंटच्या तोंडचा आकडा धरू नका. मूळ इनव्हॉइसची कॉपी घेऊन वाशिमच्या आरटीओत जा, त्या गाडीचा टॅक्स किती आणि ती एनओसी चालेल का, दोन्ही विचारा. हे टोकन द्यायच्या आधी. नंतर विचारून उपयोग नाही.

इन्शुरन्स चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. नो क्लेम बोनस हा मालकाचा असतो, गाडीसोबत येत नाही. आणि प्रीमियम वाचवायला आयडीव्ही कमी लावू नका. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. या गाड्यांत दोन-चार एअरबॅग उघडल्या तरी खर्च तिथे पोचू शकतो. मग हातात येते ती आयडीव्हीच.

कर्जाचं म्हणाल तर इतक्या जुन्या गाडीला बँका सहसा उभ्या करत नाहीत, मग लोक पर्सनल लोन काढतात. माझ्या मावसभावाने तेच केलं. गाडी गेली, त्याचा हप्ता अजून चालू आहे.

मग घ्यायचीच नाही का? असंही नाही. ज्याच्या घरी रोजच्या वापराची दुसरी गाडी आहे, जो महिन्यातून दोन-तीनदा पुणे-नागपूर करतो, आणि खरेदीच्या किमतीच्या एक तृतीयांश रक्कम ज्याच्याकडे बाजूला पडून आहे, म्हणजे नऊ लाखांच्या गाडीला तीन लाख, आणि ते तीन लाख गेले तरी घरातली कुठलीही गोष्ट थांबत नाही, त्याने जरूर घ्यावी. एकाच मालकाची, महाराष्ट्र पासिंग, पूर्ण सर्व्हिस हिस्ट्रीवाली, शक्यतो सात वर्षांच्या आतली. दोन लाख जास्त द्यावे लागले तरी. स्वस्तातली स्वस्त घेणं हा या वर्गातला सगळ्यात महाग सौदा आहे. आणि मी आधी ज्या शांततेबद्दल बोललो, ती खरंच विकत घेण्यासारखी आहे. मला आजही हवी आहे.

आपल्या दोस्ताला मी हे सगळं फोनवर सांगितलं, पाऊण तास. तो मधे मधे "हो दादा" म्हणत होता. तीनच गोष्टी करायला सांगितल्या: विक्रेत्याला सर्व्हिस हिस्ट्री माग, वाशिमला टॅक्स विचार, आणि बाबांना विचार की ट्रॅक्टर एक वर्ष नसला तर भाड्याच्या नांगरणी-पेरणीला किती जातील.

चार दिवसांनी मेसेज आला. विक्रेत्याने आधी "पाठवतो" म्हटलं, मग "सर्व्हर डाऊन आहे" म्हटलं, शेवटी एक फोटो पाठवला. वर्कशॉपचं २०२२ चं बिल. बिलावर किलोमीटर १ लाख १२ हजार. गाडीचा मीटर आज ७८ हजार दाखवतोय. बहुतेक त्याने स्वतःच ते बिल नीट वाचलं नव्हतं. पोराने फक्त त्या आकड्यावर लाल गोल करून फोटो परत पाठवला. निळ्या टिका आल्या, रिप्लाय नाही.

काल पुन्हा व्हॉइस मेसेज. "दादा, अकोल्याची एक हाय. डॉक्टरची, एमएच-३०, एकच मालक, पेट्रोल, जर्मन नाही पण ऑटोमॅटिक हाय. पाच लाख. बाबाचे पैसे घेत नाही मी. तेवढी पाहाले येता का?"

रविवारी सकाळी जातोय. डोंगल आणि पांढरा रुमाल बॅगेत टाकलाय.